हिरवा भुंगा आणि आमची हिशेबवही



भिवंडीत तराजूशिवाय सकाळ होत नाही. सुताची गोणी उतरली की वजन, सायझिंगला सूत गेले की वजन, कारखान्यातून चिंधी निघाली की वजन. आमच्या लहानपणी दोन पारड्यांचा तराजू होता, मग लोखंडी काटा आला, आता लाल आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काटा बदलला, पण त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या नजरा काही बदलल्या नाहीत. घेणारा आकड्याकडे बघतो आणि देणारा घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे.

या महिन्यात आम्ही ज्या तराजूविषयी लिहिणार आहोत, तो भिवंडीचा नाही. तो मिसरचा आहे आणि सव्वातीन हजार वर्षांपूर्वी पपायरसवर रंगवलेला आहे. पण त्याची गोष्ट फिरून आमच्याच कारखान्यात येते, म्हणून सांगायला घेतली आहे. शेवटपर्यंत वाचावी ही विनंती, कारण शेवटी आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

सन 2012 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या लोकांच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडून एक ममी आली होती. मार्च 2013 पर्यंत ती तिथे होती. आपल्या बाजूच्या लोकांना ममी अगदीच अनोळखी नाही. बडोद्याच्या संग्रहालयात महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात आलेली एक ममी आहे, हैदराबादेत निजामाच्या काळात आलेली एक आहे. पण भिवंडीहून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ ममी आली, ही मोठीच गोष्ट होती. आमची थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. नाताळच्या सुट्टीत तिला घेऊन आम्ही निघालो. धामणकर नाक्यावरून एसटीने ठाणे, ठाण्याहून लोकल, आणि पुढे काळा घोड्यापर्यंत पायी. वाटेत तिने शंभर प्रश्न विचारले. त्यातला पहिला होता, "अब्बा, त्या माणसाला इतके कापड कुणी दिले?" विणकरांच्या गावातल्या मुलीला दुसरे काय सुचणार?

त्या ममीचे नाव नेसपेरेन्नुब. हा करनाकच्या देवळातला पुजारी, इसवी सनापूर्वी सुमारे 800 मध्ये वारला. त्याच्यावरचे पट्टे कुणी उलगडले नव्हते, उलगडायची गरजही पडली नाही. इस्पितळात करतात तसे स्कॅन करून आतले सगळे पाहिले होते आणि ते पडद्यावर दाखवत होते. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला मातीचे एक साधे भांडे चिकटलेले होते. जाणकारांचे म्हणणे असे की, शव तयार करणाऱ्यांनी ओघळणारा राळेचा रस गोळा करायला ते भांडे ठेवले असावे. रस वाळला, भांडे डोक्याला चिकटले, ओढून निघेना. मग कारागिरांनी काय केले? त्याच्यावरूनच कापडाचे पट्टे गुंडाळले आणि काम पुरे झाले म्हणून शव घरच्यांच्या हवाली केले. नातेवाइकांना कळले नाही, देवळाला कळले नाही. चूक कापडाखाली गेली आणि अठ्ठावीसशे वर्षे तिथेच राहिली. मग एक यंत्र आले आणि साऱ्या जगाने ती पाहिली.

आम्हाला तेव्हा हसू आले होते. खराब ताका घडीच्या आत दडवून वरचा चांगला कपडा दाखवणारे हात आम्ही कमी पाहिले नव्हते.

येताना मुलीने चित्रांचे एक पुस्तक मागितले. त्यात हुनेफर नावाच्या मिसरी अधिकाऱ्याच्या पपायरसचे चित्र होते. हा पपायरस इसवी सनापूर्वी 1275 च्या आसपासचा, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोकलमध्ये खिडकीपाशी बसून ती त्या चित्रावर बोट ठेवून विचारत होती आणि आम्ही पुस्तकात वाचून सांगत होतो.

चित्र असे आहे. डावीकडून पांढऱ्या वस्त्रातला हुनेफर येतो. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस त्याचा हात धरून आणतो. मध्ये मोठा तराजू. एका पारड्यात हुनेफरचे हृदय, दुसऱ्यात शहामृगाचे एक पीस. हे पीस म्हणजे मात. मात ही मिसरी लोकांची देवी, पण त्याहून जास्त ती एक कल्पना होती. सत्य, न्याय, शिस्त, जगाचा तोल, हे सारे त्या एका शब्दात येत असे. तराजूशेजारी बगळ्यासारख्या लांब चोचीचा थोत उभा असतो आणि निकाल लिहून घेतो. त्याच्या जवळच एक जनावर टपून बसलेले असते. त्याचे तोंड मगरीचे, पुढचे धड सिंहाचे, मागचे पाणघोड्याचे. त्याचे नाव अम्मित. हृदय पिसापेक्षा जड निघाले तर अम्मित ते खाऊन टाकणार आणि तो माणूस कायमचा संपणार. तोल बरोबर राहिला तर हुनेफरला पुढे ओसायरिससमोर नेले जाणार, जो मेलेल्यांच्या जगाचा राजा होता.

मिसरी लोक शव तयार करताना मेंदू बाहेर काढून टाकत, पण हृदय मात्र शरीरात राखत. माणसाची समज, आठवण, नियत सगळी हृदयात असते असे ते मानत. म्हणून निकालाच्या दिवशी वजन करायचे ते हृदयाचेच.

तराजूसमोर जाण्यापूर्वी मृताला बेचाळीस न्यायाधीशांपुढे आपण कोणकोणती पापे केली नाहीत ते सांगावे लागे. ही यादी ज्या ग्रंथात आहे त्याला आज मृतांचा ग्रंथ म्हणतात, आणि त्यातले 125 वे प्रकरण यासाठी प्रसिद्ध आहे. यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती आपल्याच बाजारात बसून लिहिल्यासारखी वाटते. मी खून केला नाही, चोरी केली नाही, हे तर आहेच. पण पुढे असेही आहे की, मी कुणाला रडवले नाही. मी लेकरांच्या तोंडचे दूध काढून घेतले नाही. मी तराजूत खोट केली नाही, मापात मारले नाही. वाहते पाणी अडवले नाही. रोजच्या कामात माझ्या हक्कापेक्षा जास्त कुणाकडून वसूल केले नाही. नोकराची त्याच्या मालकापाशी निंदा केली नाही.

मुलीने हे सगळे ऐकून घेतले. मग तिने नेमका तोच प्रश्न विचारला जो कोणतेही लेकरू विचारेल. "अब्बा, आणि कुणी खोटे बोलला तर?"

आम्ही पुस्तकाचे पान उलटले. उत्तर तिथेच होते, आणि ते आम्ही आजतागायत विसरलो नाही.

मिसरी माणसाला भीती न्यायाधीशांची तेवढी नव्हती जेवढी स्वतःच्या हृदयाची होती. जीभ म्हणेल, मी केले नाही, आणि पारड्यातले हृदय म्हणेल, केले. म्हणून त्यांनी त्यावर उपाय काढला. हिरव्या दगडाचा एक भुंगा कोरायचा, त्याच्या पोटावर एक मंत्र कोरायचा आणि तो मृताच्या छातीवर ठेवायचा. मंत्राचा अर्थ असा की, हे माझ्या हृदया, तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहू नकोस. ज्याच्याकडे पैसा असे तो असा भुंगा करवून घेई. मृतांच्या ग्रंथाच्या तर तयार प्रतीही लिहून ठेवलेल्या असत. नावाची जागा कोरी ठेवायची आणि गिऱ्हाईक आले की त्याचे नाव भरायचे. म्हणजे मी कुणाला रडवले नाही, हे वाक्य आधीच लिहून तयार. कुणी म्हटले, ते मागाहून भरले जाणार.

मुलीने भुंग्याचे चित्र बराच वेळ पाहिले. ठाणे जवळ आले होते. ती म्हणाली, "दगड ठेवला तर दिल गप्प बसते का?"

आम्ही तिला काहीतरी सांगितले असेल. काय सांगितले ते आठवत नाही. म्हणजे चांगले उत्तर दिले नसणार.

त्या दिवसापासून आम्हाला मिसरविषयी जे मिळेल ते वाचायची सवय लागली. मिसर तसाही आपल्या घरातला देश आहे. हजरत यूसुफ (अलै.) तिथल्या बाजारात विकले गेले आणि तिथल्याच धान्याच्या कोठारांचे अधिकारी झाले. दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले तेव्हा त्यांनी माप पुरे भरून दिले, याचा पवित्र कुरआनात उल्लेख आहे. हजरत मूसा (अलै.) त्याच देशात फिरऔनच्या महालात वाढले आणि त्याच फिरऔनसमोर उभे राहिले. ज्या देशात मोठी माणसे तराजूचे चित्र सोबत घेऊन दफन होत होती, त्याच देशात बनी इस्राईलची मुले मारली जात होती आणि त्यांना राबवून घेतले जात होते. तराजू भिंतीवर रंगवला म्हणून तो राज्यात आपोआप येत नाही. हा धडा मिसरने आपल्याला फार जुन्या काळी दिला आहे.

तरी मिसरी माणसाला न्याय कळत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडची एक गोष्ट सुमारे 3800 वर्षांपूर्वीची आहे. एक गरीब शेतकरी गाढवांवर माल लादून बाजाराला निघतो. वाटेत एका बड्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा माणूस त्याचा माल हडपायला टपलेला असतो. वाट अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जवाचे शेत. तो माणूस वाटेवर कापड पसरून ठेवतो. आता कापडावरून गेले तर कापड खराब केल्याचा गुन्हा, शेतातून गेले तर पीक तुडवल्याचा. शेतकरी शेताच्या कडेने जातो, एक गाढव तोंडभर जव खाते आणि एवढ्या निमित्तावर त्याची सारी गाढवे आणि माल जप्त होतो, वर मार बसतो.

शेतकरी मोठ्या अधिकाऱ्याकडे दाद मागतो, एकदा नाही, नऊ वेळा. त्याचे बोलणे इतके धारदार असते की राजा गुपचूप हुकूम देतो, त्याला लवकर निकाल देऊ नका, बोलू द्या आणि सगळे लिहून घ्या. पण त्याच्या घरी बायकामुलांना धान्य पोहोचवत राहा, आणि ते कुठून येते हे त्याला कळू देऊ नका. शेतकरी त्या अधिकाऱ्याला सांगतो की, न्याय करणारा माणूस हाच तराजू असतो. त्याची जीभ काट्याचा लोलक, त्याचे हृदय वजन. तोच झुकला तर दाद कुणाकडे मागायची? शेवटी त्याचा माल त्याला परत मिळतो आणि लुटणाऱ्याची मालमत्ताही त्याच्या हवाली होते. ही गोष्ट लोकांनी पुन्हा पुन्हा उतरून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

दुसरी घटना गोष्ट नाही, नोंद आहे. फिरऔन रामसेस तिसरा याच्या राज्याच्या 29 व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी 1157 च्या सुमारास, राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांची मजुरी थकली. मजुरी धान्यात मिळत असे, आणि धान्य येईना. त्यांनी हत्यारे खाली ठेवली, वस्तीच्या चौक्या ओलांडल्या आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इतिहासात नोंदलेला हा सर्वांत जुना संप समजतात. तो लिहून ठेवलेला पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. विचार करा, हेच ते हात होते ज्यांनी थडग्यांच्या भिंतींवर न्याय आणि तराजूची चित्रे काढली. आणि त्यांच्याच मजुरीचे वजन कमी भरत होते.

आता आपल्या तराजूकडे येऊ. पवित्र कुरआनात कयामतच्या दिवशी न्यायाचे तराजू ठेवले जातील आणि राईच्या दाण्याएवढे कृत्यही हजर केले जाईल, असे सूरह अंबियात सांगितले आहे. सूरह यासीनमध्ये आहे की, त्या दिवशी तोंडावर मोहर लागेल आणि हात बोलतील, पाय साक्ष देतील. वाचकांना हे नवे नाही. पण लोकलमध्ये आमच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे होते आणि ते आम्हाला त्या दिवशी सुचले नाही. दगड ठेवून दिल गप्प बसत नाही. दिल गप्प बसले तरी हात बोलतील. मिसरी माणसाची भीती खरी होती, त्याचा उपाय खोटा होता.

आणखी एक गोष्ट. 83 वी सूरह मुतफ्फिफीन माप मारणाऱ्यांविषयीच आहे. त्यात अल्लाह तआलाने ज्या माणसाला तंबी दिली आहे तो साधा चोर नाही. तो असा माणूस आहे जो स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतो आणि दुसऱ्याला देताना कमी देतो. दोन मापे ठेवणारा. त्याच्या हातात नमाजची तसबीहही असू शकते.

आता आमची कबुली.

आमचे बारा माग आहेत. फार मोठा कारभार नाही. बारा तासांची पाळी, एक दिवसाची, एक रात्रीची, आणि दर पंधरा दिवसांनी हिशेब. रात्रपाळीला एक चाचा होते, गोरखपूरकडचे. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे माणूस. 2020 च्या फेब्रुवारीत त्यांच्या दोन मागांवरचे ताके खराब निघाले. ताण्याचे तार सारखे तुटले होते, कापडात जागोजाग खोट. व्यापाऱ्याने माल पाहून पैसे कापले. आम्ही ते चाचांच्या मजुरीतून कापले. एक हजार आठशे चाळीस रुपये. चाचा म्हणाले, "सेठ, बीमच कच्ची आहे. कांजी नीट लागलेली नाही, हात लावून बघा." आम्ही हात लावून पाहिला नाही. दोन्ही पाळ्यांचे लोक उभे होते, त्यांच्यासमोर आम्ही म्हणालो की, वय झाले, रात्री डोळा लागतो, आणि दोष बीमवर घालता. चाचांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि मागावर गेले.

पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागले. कारखाने बंद. भिवंडीने ते दिवस कसे काढले हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली. चाचा त्या गाडीने गेले की नंतरच्या, आम्हाला कळलेही नाही. ते परत आले नाहीत.

गेल्या वर्षी जागा रिकामी करताना जुन्या वह्या काढल्या. 2020 च्या हिशेबवहीत एक चिठ्ठी निघाली, सायझिंगवाल्याची. त्या बीमची कांजी कमी पडली होती हे त्याने मान्य करून आमच्या बिलातून पैसे सोडले होते. तारीख मार्चची, लॉकडाऊनच्या आधीची. खाली सही आमची.

म्हणजे आम्हाला माहीत होते. सायझिंगवाल्याकडून आम्ही भरपाई घेतली आणि चाचांकडूनही कापून घेतली. एकाच खोटीचे दोनदा पैसे. घेताना पुरे घेतले, देताना कमी दिले. चिठ्ठी वहीत ठेवली, वहीवर वही ठेवली. नेसपेरेन्नुबच्या डोक्याला चिकटलेले भांडे आम्हाला आठवले आणि या वेळी हसू आले नाही.

वाचकहो, आम्ही त्या वर्षांत काय काय केले ते ऐका. लॉकडाऊनमध्ये मोहल्ल्यात राशनच्या पिशव्या वाटल्या. मशिदीला दोन पंखे दिले, त्यांच्यावर वडिलांचे नाव लिहून घेतले. रमजानमध्ये इफ्तार दिली. हे सगळे अल्लाहसाठीच केले असे आम्ही मानत होतो आणि त्यात काही खरेही असेल. पण चिठ्ठी हातात धरून उभे असताना मनात आले, हा आमचा हिरवा भुंगा तर नाही? छातीवर ठेवलेला, आतल्याला गप्प बसवणारा? सदका दिला की मजुरीतली खोट पुसली जाते असे आम्हाला कुणी सांगितले होते? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिवाळखोर कुणाला म्हटले ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल आणि ज्यांना त्याने शिवी दिली, ज्यांचा माल खाल्ला, त्यांना ते सगळे वाटून टाकावे लागेल. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो.

चाचांचा जुना नंबर लागेना. वंजारपट्टीकडच्या एका बिसीत, जिथे रात्रपाळीचे कामगार जेवतात, तिथे तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी चाचांच्या शेजारच्या गावचा एक मुलगा भेटला. त्याने नंबर दिला. चाचा हयात होते, अल्हम्दुलिल्लाह. गावातच असतात, नजर कमी झाली आहे. आम्ही सगळे सांगितले. चिठ्ठी वाचून दाखवली. पाच वर्षांचा विचार करून रक्कम दुप्पट पाठवू, असे म्हणालो.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग चाचा म्हणाले, "पैसे पाठव, सेठ. नाही म्हणणार नाही, माझे आहेत. पण जेवढे कापलेस तेवढेच पाठव, वरचे नको." आम्ही म्हणालो, "चाचा, माफ करा." ते म्हणाले, "पैशाचे माफ केले. पण तू म्हणाला होतास की मी झोपतो. तीस वर्षे रात्रपाळी केली, कधी झोपलो नाही. ते तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास. माफी मला फोनवर मागून काय होणार? ज्यांच्यासमोर म्हणालास त्यांना सांग."

बेचाळीस गोष्टींच्या त्या यादीत तराजूतली खोट होती आणि माणसाची निंदाही होती. आम्ही पहिलीचे पैसे मोजत होतो आणि चाचांना दुसरीचे वजन जास्त वाटत होते.

जुन्यांपैकी आता चारच जण आमच्याकडे आहेत. शुक्रवारी पाळी बदलताना माग बंद केले. बारा माग एकदम थांबले की जी शांतता होते ती फक्त विणकरांच्या घरात वाढलेल्याला कळेल. आम्ही उभे राहून सांगितले की 2020 च्या फेब्रुवारीत बीम कच्ची होती, चाचांचा दोष नव्हता, हे आम्हाला मार्चमध्येच समजले होते आणि आम्ही गप्प बसलो. चौघांपैकी एकजण खाली बघत म्हणाला, "सेठ, आम्हाला तेव्हाच माहीत होते."

हे ऐकणे चाचांच्या फोनपेक्षा जड गेले. पाच वर्षे आम्ही जे लपवले आहे असे समजत होतो ते आमच्या मागांमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. लपले होते ते फक्त आमच्यापासून.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, मजुरी कापायची तर आधी बीम, सूत आणि माग तिघेही तपासायचे आणि ते विणकराच्या समोर. दोन, कापलेल्या प्रत्येक रकमेचे कारण वहीत लिहायचे आणि ज्याची कापली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. तो पटला नाही तर त्याचे म्हणणेही तिथेच लिहायचे. यात फार मोठे काही नाही. मिसरच्या राजानेही त्या शेतकऱ्याचे म्हणणे लिहून घ्यायला सांगितले होते.

थोरली मुलगी आता बी.एड. करते आहे. तिला हे सगळे सांगितले तेव्हा आम्ही विचारले, "लोकलमधला तो भुंगा आठवतो का?" तिला भुंगा आठवत नव्हता. तिला कापड आठवत होते, त्या माणसाला गुंडाळलेले मैलभर कापड. ती म्हणाली, "अब्बा, ते विणणाऱ्यांना मजुरी मिळाली असेल का हो?"

हा प्रश्न आम्ही वाचकांपाशी ठेवतो. ज्यांच्याकडे माग आहेत, दुकान आहे, घरकामाला बाई येते, गाडीवर ड्रायव्हर आहे, त्यांनी या महिन्यात एकदा आपली जुनी वही उघडावी. वही नसेल तर आठवण उघडावी. कुणाचे काही निघत असेल तर तो हयात आहे तोवर, आणि आपणही हयात आहोत तोवर, ते पोहोचवावे. पैसे असतील तर पैसे, शब्द असेल तर शब्द, आणि शब्द चारचौघांत गेला असेल तर चारचौघांतच परत घ्यावा.

चाचांना एक हजार आठशे चाळीस रुपये पाठवले. पावती त्याच वहीत, त्याच चिठ्ठीला टाचून ठेवली आहे. वही आता कपाटात नाही, गल्ल्याशेजारी आहे.